धाकट्या आबांच्या डोक्यावर थोरल्या आबांचं पागोटं

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मुक्काम कार्ले, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८५९

तीर्थरूप रतनअक्काच्या पायांवर, आणि हे पत्र जे तिला वाचून दाखवणार त्या आमच्या दाजींच्याही पायांवर, धाकट्या महिपतीचं डोकं. तुझी कंबर आता कशी आहे? सासूबाईंचा दमा काय म्हणतो? दाजींची नवी बैलजोडी अजून दोघं मिळून एकाच दिशेला चालते ना? (दाजी, मागच्या पत्रातली तुमच्याबद्दलची वाक्यं तुम्ही वाचताना गिळलीत, असं सोमाटण्याहून आलेल्या कासाराकडून कळलं. या खेपेला कंसातलंही मोठ्यानं वाचावं. अक्काला अक्षर येत नसलं तरी तुम्ही कुठं अडखळलात ते तिला बरोबर कळतं.) इकडे आई, आप्पा, बैल आणि तुझी ती लाडावलेली शेळी ठीक आहेत. मी लोणावळ्याच्या स्टेशनात पार्सलं आदळतो आणि मास्तर माझ्यावर आदळतात, असं दोघांचंही बरं चाललं आहे.

पाडव्याला तू येशील म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली. मग दाजींचा निरोप आला की राब भाजायचे आहेत, घर शाकारायचं आहे, घरातलं माणूस हलू शकत नाही. बरोबरच आहे. भाताच्या रोपांसाठी गवत-पाला पसरून राब आम्हीही भाजतो आणि घर आम्हीही शाकारतो, पण सोमाटण्याचं गवत कदाचित जास्त हट्टी असेल. ते असो. तू आली नाहीस, म्हणून जे घडलं ते सगळं तुला लिहून कळवावं असं घरात ठरलं. घरात लिहिणारा मी एकटा, त्यामुळं ते ठरवताना मला कुणी विचारलं नाही.

आपले थोरले आबा जाऊन हा पहिला पाडवा. आजा नसलेलं घर काय असतं ते तुला मी सांगायला नको. सकाळी पुण्याकडची गाडी शिट्टी घालते आणि सगळ्यांच्या माना ओसरीकडं वळतात. आबांचं घड्याळ म्हणजे ती गाडी. तिची शिट्टी झाली की न्याहारी. गाडी उशिरा आली तर न्याहारी उशिरा, पण गाडीला उशीर झाला असं त्यांनी कधी मान्य केलं नाही. ‘आज दिस लवकर उगावला,’ असं म्हणायचे. मी रेल्वेत चिकटलो तेव्हा गावभर सांगत सुटले की गाडी आता आमचा महिपती सोडतो. (मी तेव्हा फलाट झाडत होतो.) आणि दर वैशाखात करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन तुझ्याकडं चालत यायचे, तेव्हा नातीला भेटायला आलो असं कधी म्हणाले का? ‘तळेगावच्या बाजारात काम हुतं, वाटंत तुजं घर लागलं.’ तळेगावच्या बाजारात त्यांचं काय काम होतं ते तळेगावला अजून कळलेलं नाही.

तर पाडव्याच्या ह्या सगळ्या गोंधळाचं मूळ तुमच्याच घरात आहे. माघात आप्पा तुमच्याकडं येऊन गेले. तिथं त्यांनी दाजींच्या वडलांचा फोटो पाहिला, काचेच्या चौकटीत, कोट घातलेला. घरी येऊन त्यांनी त्या फोटोचं एवढं वर्णन केलं की आजीनं भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाली, ‘त्यो मानूस जलमभर कुनाशी धड दोन शब्द बोलला न्हाई, त्यो भितीवर. आन् माजा मानूस कुटं?’ (दाजी, मोठ्यानं.) आता आप्पांचा स्वभाव तुला माहीत आहे. गाय घ्यायची ठरली की ते आधी दावं वळतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माजघराच्या भिंतीत हा एवढा खिळा ठोकला. फोटो कुठून आणायचा ते मागाहून बघू म्हणाले.

तो खिळा म्हणजे घराला त्रास झाला. रिकामा खिळा दिसला की माणसाचा हात राहत नाही. आईनं त्यावर चाळण अडकवली, आजीनं काढली. मी कोट अडकवला, तो मला अंगणात सापडला. एकदा आप्पांनीच विसरून कंदील टांगला, तर आजी काही न बोलता तो हातात धरून उभी राहिली, आप्पा उठून येईपर्यंत. ‘ती जागा त्येंची हाय,’ एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही खिळ्याजवळून जाताना जरा वाकून जायला लागलो.

पण फोटो आणायचा कुठून? आबांनी उभ्या जन्मात एकदाही फोटो काढून घेतला नाही. लेणी पाहायला आलेल्या कुणा साहेबानं एकदा शेताच्या बांधावरून त्यांच्यावर पेटी रोखली होती. आबा पाठ फिरवून उभे राहिले. ‘माजं तोंड न्यायचं तर आदी मला इचाराय पायजे,’ हे त्यांचं म्हणणं. तेव्हा विलायतेत कुठल्या तरी भिंतीवर आपल्या आजाची पाठ लागलेली असेल, पण तिचा आपल्याला उपयोग नाही.

मी लोणावळ्याच्या बाजारातल्या फोटोवाल्याला विचारलं, माणूस नसताना त्याचा फोटो निघतो का. तो हवा खायला आलेल्या मंडळींचे फोटो काढतो, त्यामुळं कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणत नाही. म्हणाला, ‘काढू की! त्यांच्या तोंडवळ्याचं कुणी असेल तर घेऊन या. त्यांचेच कपडे घालून बसवू. बाकीचं मी पेन्सिलीनं सांभाळतो.’ मी हे घरी येऊन आई-आप्पांना सांगितलं आणि ओसरीवर अशी शांतता पसरली की शेळीसुद्धा चघळायची थांबली. कारण आबांच्या तोंडवळ्याचा माणूस साऱ्या मावळात एकच, त्यांचा पाठचा भाऊ. आपले धाकटे आबा, रखमाजी. आणि त्यांच्या घराशी आपलं बोलणं बंद.

ते का बंद झालं हे तुला माहीत आहे, पण दाजींना नीट माहीत नाही, म्हणून लिहितो. (दाजी, हे मनात वाचलंत तरी चालेल.) धाकट्या आबांनी हौसेनं एक बैल आणला होता. गावानं पाहिला, नावाजला. थोरले आबा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘रखमा, बैल तिरळा हाय.’ बस्स. धाकट्या आबांनी बैल घेतला आणि दावणीला नेऊन बांधला, ते पुन्हा थोरल्या भावाच्या उंबऱ्यावर चढले नाहीत. पुढं बैल म्हातारा झाला, मेला, पुरला, पण भांडण धडधाकट राहिलं. आबा गेले तेव्हा धाकटे आबा आले, खांदा दिला, आणि कुणाशी न बोलता निघून गेले. आता अशा माणसाला, तुझ्या ज्या भावाशी तू अबोला धरलास त्याचंच पागोटं घालून बस, हे सांगायला कोण जाणार? आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, तू सरकारी माणूस आहेस. (कंपनीचं पार्सल उचलणारा माणूस सरकारी होतो हे तेव्हाच मला कळलं.)

मी गेलो. धाकटे आबा अंगणात दोर वळत बसले होते, त्यांची कारभारीण बयाआजी तांदूळ पाखडत होती. मी रेल्वेच्या गोष्टी सांगितल्या, हवेच्या सांगितल्या, मग डोळे मिटून म्हणालो, ‘थोरल्या आबांचा फोटू काडायचाय.’

‘आता?’ धाकटे आबा म्हणाले. ‘ग्येल्यावर?’

‘व्हय. तुमाला बसवून.’

त्यांनी दोर खाली ठेवला, उठले आणि गोठ्याच्या मागं निघून गेले. बयाआजी सूप हलवत म्हणाली, ‘ग्येलं. आता सांजच्याला भूक लागंल तवाच येत्याल.’ मग जरा थांबून हळूच विचारलं, ‘फोटू आमच्या घरीबी मिळंल का रं येक?’ मी हो म्हणालो. ह्या होचं पुढं काय झालं ते शेवटी लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गाडी जुंपतात तोच धाकटे आबा गाडीशी येऊन उभे. दाढी घोटलेली, धोतर धुतलेलं. आप्पांकडं न बघता बैलाला म्हणाले, ‘म्या कुनासाटी येत न्हाई. मला लोनावळ्यात काम हाय.’ लोणावळ्यापर्यंत त्यांनी पुढं दुसरं काही बोलणं केलं नाही. मधे एकदा आप्पांनी वाटेतल्या आंब्याचा मोहोर दाखवला, तेव्हा ते आंब्याच्या विरुद्ध बाजूला बघत बसले. थोरल्या आबांचं पागोटं मी धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. आजीला ह्यातलं काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तिला सांगितलं होतं, धोब्याकडं देतो.

फोटोवाल्याचं दुकान तू पाहिलेलं नाहीस. आत भिंतीएवढा पडदा आहे. त्यावर राजवाडा, पुढं तळं, तळ्यात बदकं. (फोटोवाला त्यांना हंस म्हणतो, पण आपल्या आळीत बदकं होती, आपण फसत नाही.) शेजारी एक लाकडाचा खांब, त्यावर हात ठेवायचा, म्हणजे माणूस घरंदाज दिसतो. धाकट्या आबांनी पडदा नीट पाहिला.

‘ह्यो वाडा कुनाचा?’

‘तुमचाच समजा, बाबा,’ फोटोवाला म्हणाला.

‘मंग कौलं कवा शाकारली न्हाईत?’ म्हणाले, आणि त्या वाड्याच्या गळक्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं खरोखरच पडद्याला ओल लागली होती. फोटोवाल्यानं खांब तिकडं सरकवला.

मग मी पागोटं सोडलं. वाटलं होतं, ह्यावर काहीतरी होणार. पण धाकट्या आबांनी नुसता हात पुढं केला. आरशाकडं न बघता, एका पाठोपाठ एक पेच घालत, त्यांनी ते पागोटं अगदी थोरल्या आबांसारखं बांधलं. डाव्या कानावर तोच झोक, मागं तेवढाच शेमला. ह्यांना हे कसं जमलं म्हणून मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा हळूच म्हणाले, ‘काकाच्या लगनात आबानंच शिकवलं हुतं.’ आणि मग फोटोवाल्यानं पागोटं नीट बसलं का ते बघायला आरसा समोर धरला.

अक्का, मी तिथं नसतो तर बरं झालं असतं. धाकटे आबा आरशात बघत राहिले. फोटोवाला म्हणाला, जरा हनुवटी वर. ते ऐकेनात. आरशातल्या माणसाला म्हणाले, ‘व्हता, दादा. तिरळाच व्हता.’ आप्पा तोंड फिरवून पडद्यावरच्या बदकांकडं बघायला लागले. मीही बघितलं. फोटोवाल्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो काळ्या कापडात डोकं घालून ओरडत होता, हलू नका, डोळे पुसू नका, आणि धाकटे आबा नेमकं तेच करत होते. त्यामुळं फोटोची एक काच वाया गेली. दुसऱ्या वेळी ते दगडासारखे बसले. इतके, की फोटो झाल्यावरही उठेनात आणि फोटोवाल्याला येऊन खांदा हलवावा लागला.

पुढं मिशांचा प्रश्न. थोरल्या आबांच्या मिशा गालांवर पसरलेल्या, धाकट्यांच्या आखूड. फोटोवाला म्हणाला, पेन्सिलीनं वाढवतो. वाढवताना त्याचा हात रंगात आला असावा, कारण फोटोत आबा कुठल्यातरी संस्थानाच्या फौजेतून नुकतेच उतरल्यासारखे दिसतात. शिवाय आबांच्या गालावरची चामखीळ. ती कुठल्या गालावर, असं त्यानं विचारलं. आप्पा म्हणाले उजव्या. मी म्हणालो, त्यांच्या उजव्या की आपल्या उजव्या? ह्यावर आमची दुकानात बरीच चर्चा झाली, आणि अशा चर्चेतून जे निघतं तेच निघालं, म्हणजे चामखीळ भलत्या गालावर गेली.

आता पाडवा. तुला माहीतच आहे, दुखाच्या घरी पहिल्या वर्षी आपण गुढी उभारत नाही, तळण-गोड करत नाही. भावकीतलं जवळचं कुणीतरी पोळ्या घेऊन येतं, घराचं तोंड गोड करतं, मग सण धरायचा. म्हणून पाडव्याला आपल्याकडं काही काम नसणार असं मला वाटलं होतं. कसलं काय! सकाळपासून आई सारवत होती, आप्पा नव्या सालगड्याला शेतं दाखवत होते, अंगणात नांगराचा फाळ घेऊन सुतार बसला होता, राबाचं गवत घेऊन दोन गाड्या आल्या, त्यातल्या एकीचं चाक दारातच निखळलं, आणि ह्या सगळ्यातून वाट काढत मी फोटो घेऊन आलो. खिळ्यावर लावला. आप्पांनी सोनचाफ्याचा हार घातला. मग आजीला हाताला धरून आणलं आणि ठरलेली हकिकत सांगायला सुरुवात केली. त्या लेण्याच्या साहेबानं आबांचा पुढूनही एक फोटो काढला होता, तो त्याच्या खंडाळ्याच्या बंगल्यात होता, बंगला आता विकला, सामान पार्सलनं निघालं, आणि ते नेमकं महिपतीच्या हाताखालून गेलं. हकिकत माझी होती. मला ती फारच चांगली वाटली होती.

आजीनं सगळी ऐकून घेतली. फोटोजवळ गेली. मग जरा लांब झाली. मग पुन्हा जवळ.

‘चामखीळ ह्या गालावरनं त्या गालावर ग्येली,’ म्हणाली. ‘ग्येल्यावर मानूस येवढं फिरतं व्हय?’

आप्पा हार नीट करायला लागले. मी सुताराकडं पाहिलं. सुतारानं ठोकायचं थांबवलं.

‘भावजींना पागुटं ब्येस दिसतंय,’ आजी म्हणाली. ‘ऱ्हाऊ द्या. ही मान पागुट्याखाली अशीच वाकडी व्हायाची त्येंचीबी. सासूबाईंची दोगंबी वाकडी मान घिऊनच आली.’ आणि पदरानं काच पुसली. काच स्वच्छ होती.

इथंच सगळं संपलं असतं. पण आपल्या घराचं तोंड गोड करायला भावकीतलं सगळ्यात जवळचं घर कुठलं? धाकट्या आबांचं. बैलाचं भांडण लोणावळ्यातच मिटलं होतं, त्यामुळं बयाआजीनं रात्रीपासून पुरण वाटलं होतं, पोळ्या केल्या होत्या, आळीतल्या पोरांसाठी साखरेच्या गाठी आणल्या होत्या, आणि ती डोक्यावर पाटी घेऊन, मागं धाकटे आबा, अशी भांडणानंतर पहिल्यांदा ह्या उंबऱ्यावर चढली. आत आली. समोर भिंतीवर तिचा नवरा, आणि त्याच्या गळ्यात हार.

तिनं पाटी टाकली नाही एवढं नशीब. (पोळ्या होत्या, म्हणून.) ती खाली ठेवली आणि मग ओरडली. ‘आगं बाया बाया! माज्या जित्या धन्याच्या फोटूला हार! ह्ये बगा, ह्ये कुंकू हाय का न्हाई माज्या कपाळाला?’

आप्पा म्हणाले, ‘काकी, त्यो आबा हाय.’

‘आबा? ज्या तोंडाला रोज भाकरी वाडती त्ये तोंड मला वळकू येत न्हाई व्हय? मिशा लावल्या म्हनून काय झालं! काडा आदी त्यो हार!’

‘काडू कसा?’ आप्पा म्हणाले. ‘आबाच्या गळ्यातला हार पाडव्याच्या दिवशी काडू?’

दोघांचंही खरं होतं, हीच अडचण. गळा एक होता आणि त्यात एक मेलेला व एक जिता असे दोन भाऊ होते. धाकटे आबा मात्र स्वतःचा फोटो पहिल्यांदाच बघत होते. ते बायकोला बाजूला सारून पुढं गेले, हार बघितला, मिशा बघितल्या, मागचा वाडा बघितला, आणि समाधानानं काहीतरी बोलणार तोच त्यांना उचकी लागली.

एक उचकी कुणालाही लागते. पण ही थांबेना. पाणी प्याले, थांबेना. श्वास धरला, थांबेना. सुतारानं मागून येऊन भेव दाखवलं, त्यानं बयाआजीच तेवढी घाबरली. तिनं आता जमिनीवर बसकण मारली. ‘थोरलं आटवन काडत्यात! बोलवाय लागल्यात ह्येस्नी! म्या सांगत हुते, पागुटं घालू नगा म्हनून!’ (तिनं असं काही सांगितलं नव्हतं. ती एक फोटो मागत होती.) धाकट्या आबांचाही चेहरा उतरला. दोन उचक्यांच्या मधे म्हणाले, ‘बोलावलं... तर... जावं लागंल... दादा हाय.’ आणि अक्का, मला त्या घडीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आईनंही सारवणाचा हात तसाच धरून ठेवला होता.

तेव्हा आजी मागच्या दारी गेली. परतली ती मूठभर कडुलिंबाचा पाला घेऊन. कुणालाही आठवण राहिली नव्हती! सकाळपासून गाड्या, गवत, फाळ, फोटो, हार, आणि पाडव्याचा कडुलिंब राहूनच गेला. कसा राहणार नाही? तो आठवणारा माणूस एकच होता. पहाटे उठून ओवा, मीठ, चिंच घालून गोळा वाटायचा, गूळ नावाला, आणि सगळ्यांना ओळीनं बसवून जिभेवर ठेवायचा. तोंड वाकडं केलं की दुसरा. बैलांनाही द्यायचा. एकदा टपालवाल्याला दिला तर तो आठवडाभर आपल्या आळीत फिरकला नाही. आजीनं पाट्यावर पाला ठेवला आणि असा रगडला की पाटा हलला. गोळा केला, धाकट्या आबांचं तोंड धरलं आणि आत कोंबला.

धाकट्या आबांचे डोळे कपाळात गेले. पण उचकी थांबली.

‘त्येंनी आटवन काडली तर काडू द्या,’ आजी म्हणाली. ‘लय वरसं काडली न्हवती.’ आणि मग तिनं बयाआजीच्या पाटीतून एक साखरेची गाठी उचलली, चाफ्याचा हार हळूच काढून देवापुढं ठेवला आणि फोटोला ती गाठी घातली. ‘ही लेकराच्या गळ्यात घालत्यात, गुडीलाबी घालत्यात. जित्यालाबी चालती, ग्येलेल्यालाबी चालती. आता भांडू नगा.’ बयाआजीनं त्यावर विचार केला. तिला खोट सापडेना. तिनं डोळे पुसले आणि पोळ्या काढायला घेतल्या.

त्याआधी आजीनं सगळ्यांना ओळीनं बसवलं. आप्पा, आई, मी, बयाआजी, सुतार, नवा सालगडी, निखळलेल्या चाकाचा गाडीवान. प्रत्येकाच्या जिभेवर आपल्या हातानं कडू गोळी. आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मग वाट बघत बसलो. पण दुसरी गोळी कुणालाच मिळाली नाही. आजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत होती, पाला लय कडू निघाला यंदा.

पोळ्या चांगल्या होत्या. धाकटे आबा बरोबर फोटोखाली बसून जेवले, वर एक आणि खाली एक. म्हणाले, गुढी मी उभारतो, काठी मी आणतो. आजीनं नको म्हटलं. ‘यंदाचं वरीस त्येंचं. पुडल्या वर्सी तुमी उबारा.’ धाकट्या आबांनी आणखी एक पोळी वाढून घेतली.

तर असा पाडवा झाला. सासूबाईंना माझा नमस्कार, तुझ्या पोरांना एक एक पापा, दाजींच्या बैलांच्या पाठीवर एक एक थाप. उत्तर लिहायला दाजींना वेळ नसेल तर कासाराच्या तोंडी पाठवलं तरी आम्हाला पोचतं.

तुझ्या पाठचा,
महिपती

ता. क. बयाआजीला तिचा फोटो मिळाला. हार-गाठी काही नाही, नुसता. ती शेजारणींना वाडा दाखवते आणि तो आपला नाही हे सांगायचं विसरते. दुसरं म्हणजे ही बातमी पसरली आहे. मळवलीचा एक जण येऊन गेला. त्याचा बाप गेल्या साली वारला, फोटो नाही, आणि बाप साधारण धाकट्या आबांसारखाच दिसायचा म्हणे. धाकटे आबा पागोटं झटकायला लागले होते, पण बयाआजीनं त्या माणसाला कोपऱ्यापर्यंत पोचवून दिलं. त्याचा बाप कसा दिसायचा ते आता त्याला स्वतःलाच आठवत नसेल.

आणखी ता. क. आजीला आता स्वतःचा फोटो काढायचा आहे, आणि जिवंतपणी. ‘न्हाईतर म्या ग्येल्यावर बयेला माज्या लुगड्यात बसवाल. वळकून हाय तुमाला.’ अक्षयतृतीयेला लोणावळ्याला जायचं ठरलं आहे. फोटोवाल्याला मी सांगून ठेवलं. पण तिची एक अट आहे. एकटी बसणार नाही. शेजारी रतन हवी. मी म्हणालो, आई बसेल. म्हणाली, रतन. मी म्हणालो, मी बसतो. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा दाजी, राब भाजून झाले असतील. घर शाकारायला मी दोन रविवार येतो, शिडीही आणतो. अक्काला तेवढे चार दिवस धाडा.

अखेरचं ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आजी शेजारी येऊन बसली. काय लिहिलंस म्हणाली. मी म्हणालो, सगळ्यांची खुशाली. तिनं कपाळावर हात मारला. ‘मुडद्या, खुशाली वाचून कोन येतं व्हय? म्या आजारी हाय म्हनून लिव्ह.’ तर आजी फार आजारी आहे. आत्ता ती परसात, भाजीच्या वाफ्यात शिरलेल्या शेळीमागं काठी घेऊन धावते आहे. लवकर निघावे.